पैठणीचा ड्रॉ राहू द्या, पण उताऱ्यावर नाव कुणाचं?

ताई,
पाथर्डी फाट्याजवळ आमची ८४ फ्लॅटची सोसायटी आहे. यंदा महिला दिनाच्या कार्यक्रमाची जबाबदारी माझ्यावर आलीय. दरवर्षीचं ठरलेलं असतं: गुलाबी साड्या, उखाणे, संगीत खुर्ची, पैठणीचा लकी ड्रॉ आणि चेअरमन साहेबांचं भाषण. गेल्या वर्षी कार्यक्रम संपल्यावर आम्ही फोटो काढत होतो आणि आमच्या कामाच्या मावशी मागे पातेली घासत होत्या. ते माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, यंदा बायकांच्या इतिहासावर काहीतरी करूया. एकीनं लिहिलं, ‘इतिहासाचा तास नको गं.’ दुसरी म्हणाली, ‘आता मुलीच सगळीकडे पुढे आहेत, कसली समानता बाकी राहिलीय?’ आमचे हे म्हणतात, एक दिवस मजा करा, कशाला डोक्याला ताप.
दुसरं असं. सासूबाई निफाड तालुक्यात असतात. चाळीस वर्षं द्राक्षबागेत राबल्या. छाटणी, डिपिंग, विरळणी, सगळं त्यांच्या हातचं. परवा सहज विचारलं, ‘आई, उताऱ्यावर तुमचं नाव आहे का?’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘मला काय करायचंय नाव?’ सासरे गप्प बसले. नणंदेनं लग्नानंतर माहेरच्या मिळकतीवरचा हक्क सोडल्याचं हक्कसोड दिलंय. आमचा फ्लॅट ह्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, हप्ता मात्र दोघांच्या पगारातून जातो. ह्यांना विचारलं तर म्हणतात, ‘तुला काय कमी आहे?’
कार्यक्रम कसा करू? आणि मी उगाच कटकट करतेय का?
— एक वाचक, नाशिक

*

आधी पैठणीचं उरकून टाकते. ड्रॉ रद्द करू नका.

हे मी अनुभवावरून सांगतेय. तिशीत असताना आमच्या कॉलनीत मी हट्टानं हळदीकुंकू बंद पाडलं आणि त्याऐवजी ‘स्त्री आणि समाज’ या विषयावर व्याख्यान ठेवलं. अकरा जणी आल्या. त्यातल्या चौघी माझ्या नात्यातल्या. वक्ते पुरुष होते, दीड तास बोलले आणि शेवटी म्हणाले की स्त्री ही अनंत काळची माता असते. पुढच्या वर्षी हळदीकुंकू पुन्हा सुरू झालं, मला न विचारता. वर्षभर डबे, ट्यूशन आणि सासू-सासऱ्यांच्या गोळ्या सांभाळणाऱ्या बाईला संगीत खुर्चीत पळावंसं वाटलं, तर त्यात कमीपणा कसला? ज्या हसायला येतात त्या ऐकायलाही बसतात, फक्त त्यांना शाळेत बसवल्यासारखं बसवू नका.

‘इतिहासाचा तास नको’ म्हणणाऱ्या मैत्रिणीशी वाद घालू नका. तिला सकाळी साडेसहाला बूट घालून खाली यायला सांगा.

तुम्ही पाथर्डी फाट्याला राहता. पांडवलेणी तुमच्या गॅलरीतून दिसत असतील. आपण नाशिककर तिथं कधी जातो? पाहुणे आले की, नाहीतर वजन कमी करायचं मनावर घेतलं की. वर जाऊन दम खातो, सेल्फी काढतो, उतरतो. यंदा ८ मार्चला सगळ्यांनी तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यापर्यंत चढा आणि ओसरीत उभं राहून भिंतीवरचा लेख बघा. ब्राह्मी लिपी आहे, भाषा प्राकृत, वाचता येणार नाही. तो लेख गौतमी बलश्री या सातवाहन राणीचा. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी तिनं हे लेणं भिक्षूंना दान दिलं आणि तसं दगडात कोरून ठेवलं. ती स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणवते. तिचा मुलगा तो गौतमीपुत्र सातकर्णी. राजाच्या नावात आईचं नाव, बापाचं नाही. (दान हिचं, आणि लेखातल्या ओळीच्या ओळी मुलाच्या कौतुकात खर्ची पडल्यात. आयांचं तेव्हाही असंच होतं म्हणायचं!)

तिथून दहाव्या लेण्यात जा. तिथं दक्षमित्रेनं एक खोली दान दिल्याची नोंद आहे. ती क्षत्रप नहपानाची लेक आणि उषवदाताची बायको. त्याच लेण्यात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा लेख आहे, तो मला सगळ्यात आवडतो. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी तिनं गोवर्धनातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव ठेवली. त्यात तेल गाळणाऱ्यांची श्रेणीही होती. आजच्या भाषेत बाईनं एफडी केली आणि व्याज कशावर खर्च करायचं तेही लिहून ठेवलं. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरजवळचं. साधारण १७०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या या नोंदी आहेत आणि प्रत्येकीवर देणाऱ्या बाईचं स्वतःचं नाव आहे.

मात्र वरून उतरताना कुणी ‘बघा, आपल्याकडे पूर्वी सगळं समानच होतं’ असं सुरू केलं, तर तिला तिथंच थांबवा. नाव आईचं लावलं तरी गादीवर मुलगाच बसत होता. लेखात दिसतात त्या राण्या, राजकन्या, पैसा राखून असलेल्या बायका. लेणी खोदताना खाली पाटी वाहणारी कुणी असेल, तर तिचं नाव भिंतीवर नाही. आपल्याला आपलं एवढंच बघायचंय की नाव कुठं लागतं, कुणाचं लागतं आणि कशाच्या जोरावर.

त्यावरून चेअरमन साहेबांच्या भाषणाकडे येते.

न्यायमूर्ती रानडे १८७८ साली बदली होऊन नाशिकला आले. पत्नी रमाबाई सोबत होत्या. शिकते म्हणून घरातल्याच बायकांचे टोमणे खाल्लेली ही मुलगी नाशिकच्या हायस्कुलात प्रमुख पाहुणी म्हणून पहिल्यांदा जाहीर बोलली. भाषण कुणी लिहून दिलं होतं? रानड्यांनी. पण त्या तिथं थांबल्या नाहीत. पुढं मराठी आणि इंग्रजी दोन्हीत स्वतःचं बोलायला लागल्या, सेवासदन उभं केलं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना निम्म्या जागा आहेत, तरी अजून कितीतरी गावांत सरपंचबाईंच्या शेजारी बसून त्यांचे ‘मिस्टर’ उत्तरं देतात. रमाबाईंनी ही पायरी कधीच मागे टाकली होती, आपण तिच्यावर घुटमळतोय. तेव्हा साहेबांना प्रेमानं सांगा, यंदा तुम्ही खुर्च्या लावायच्या. भाषण सोसायटीतलीच एखादी करेल. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्या मुली तुमच्याकडे असतीलच. त्यातल्या एकीला पाच मिनिटं द्या. लिहून देऊ नका. अडखळली तर अडखळू दे.

तिच्यापासून सुरुवात करण्याला एक कारण आहे. ८ मार्च हा मुळात कामगार बायकांचा दिवस, शुभेच्छांचा नाही. क्लारा झेटकिन या जर्मन समाजवादी बाईनं १९१० साली कोपनहेगनच्या परिषदेत असा एक दिवस पाळायची सूचना मांडली. तारीख तेव्हा ठरली नव्हती. १९१७ साली रशियात पेत्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी संपावर उतरल्या. त्यांच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे तो दिवस २३ फेब्रुवारीचा, आपल्या कॅलेंडरप्रमाणे ८ मार्चचा. आठवड्याभरात झारची गादी गेली. संयुक्त राष्ट्रसंघ जागा झाला तो साठ वर्षांनी, १९७७ मध्ये. गुलाबी रंग यात कुठून आला, ते साडीवाल्यांना ठाऊक.

मावशींना मंचावर बोलावून ब्लाऊजपीस देऊ नका, हे मात्र कळकळीचं सांगणं. असा सत्कार मी पुष्कळ पाहिलाय. टाळ्या वाजतात, फोटो निघतो, आणि त्याच मावशी मागच्या दारानं पातेल्यांकडे जातात. त्यांना त्या दिवसाची भरपगारी सुट्टी द्या. ८४ घरांनी एका सकाळी आपापली भांडी घासली तर काही बिघडत नाही. मग त्यांना बाकीच्यांसारखंच बोलावा, त्यांची चिठ्ठीही ड्रॉत टाका. पैठणी मावशींना लागली की काही चेहरे कसे होतात, ते कोपऱ्यात उभं राहून बघण्यासारखं असेल. जेवणाची पातेली कोण घासणार? खुर्च्या लावणारे आहेत ना.

‘कसली समानता बाकी आहे’ असं विचारणाऱ्या मैत्रिणीची मला चीड येत नाही. तिची मुलगी इंजिनिअर असेल, तिला तेच दिसतं, आणि ते खोटंही नाही. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई शाळेत जाताना अंगावर शेण झेलत होत्या, तिथून आपण इथवर आलोय. २०१० साली आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणलं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. हे साजरं करायलाच हवं. फक्त त्या मैत्रिणीला एक आकडा सांगा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्या बिनपगारी कामाला बायकांची दिवसाला २८९ मिनिटं जातात असं आढळलं, पुरुषांची ८८. त्यातही ही सरासरी जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच. जे लावतच नाहीत ते हिशेबातसुद्धा नाहीत.

दलितांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. महिला दिनाच्या आधीचाच आठवडा, आणि ठिकाण आपल्या पंचवटीतलं. डॉ. आंबेडकरांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, दादासाहेब गायकवाडांचं काहींना. चार दरवाज्यांवर बसायला पहिली तुकडी निवडली, तिच्यात १२५ पुरुष होते आणि २५ बाया. या २५ जणींचा फलक तुम्ही कधी, कुठल्या चौकात पाहिलाय? मी नाही पाहिला. लेण्यावरून आल्यावर तासभर हातात असेल तर काळारामाच्या पूर्व दरवाज्यापाशी जाऊन या. तिथं भाषण नको. नुसतं उभं राहायचं.

कार्यक्रमाचं एवढं पुरे. आता पत्राच्या दुसऱ्या भागाकडे येते. तुम्ही तो जरा दबकत लिहिलाय, पण माझ्या मते पत्राचा जीव तिथं आहे.

नोव्हेंबर १९८६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. शरद जोशींनी बोलावलं आणि राज्यभरातून लाखांनी बाया आल्या. माझी मावशी गेली होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, कडेवर धाकटं पोर आणि फडक्यात भाकरी. लग्नानंतर माहेर आणि वणीचा गड सोडून ती पहिल्यांदाच कुठं चालली होती. परत आल्यावर तिनं काय सांगितलं? ठराव तिला आठवत नव्हते. म्हणाली, ‘एवढ्या बाया एका जागी, आणि कुणीसुद्धा स्वयंपाकाला उठेना.’ या चळवळीतूनच पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला: नवऱ्यानं आपण होऊन, जिवंतपणी, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. पुष्कळ शेतकऱ्यांनी खरोखर केला. नंतर सरकारनंही याच नावानं योजना काढली, तिच्यात नवऱ्याच्या अर्जावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्याला लागतं. माझ्या मावशीचं लागलं नाही. लागलं ते काका गेल्यावर, वारस म्हणून.

तुमच्या सासूबाईंच्या हसण्याची मेख इथंच आहे. खेड्यात बाईचं नाव उताऱ्यावर येतं ते बहुतेक वेळा कुंकू पुसल्यावर. म्हणून नाव लावायचं म्हटलं की तिला अभद्र वाटतं, नवऱ्याच्या वाईटावर टपल्यासारखं. ‘मला काय करायचंय नाव’ याचा अर्थ नाव नको असा घेऊ नका. मागायची लाज वाटते, असा घ्या. म्हणून ही गोष्ट त्यांनी मागायची नाही. सासऱ्यांनी द्यायची. सासरे गप्प बसले असं तुम्ही लिहिलंय. रागावले असं लिहिलेलं नाही. त्या गप्प बसण्यात मला वाट दिसते.

त्यांच्याशी तुम्ही नाही, तुमच्या मिस्टरांनी बोलायचं. ‘आईचा हक्क’ असल्या शब्दांनी सुरुवात केली तर बैठक तिथंच मोडेल. व्यवहाराचं बोला. उताऱ्यावर नाव नसलं की पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, यातलं काहीच बाईच्या नावानं होत नाही. गारपिटीचे पंचनामे होतात तेव्हा बाग जिच्या हातची ती बांधावर उभी असते आणि कागदावर शेतकरी दुसराच असतो. जमीन सासऱ्यांच्या स्वकष्टाची असेल तर बायकोला बक्षीसपत्र करता येतं. शेतजमीन आणि राहतं घर नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, इतर आकार वेगळे. नंतर फेरफाराची, म्हणजे मालकी बदलल्याची, नोंद होते, हरकतीची मुदत जाते आणि मंडळ अधिकारी ती मंजूर करतात. वडिलोपार्जित असेल तर वाटेकरी कोण कोण आहेत ते आधी एखाद्या वकिलाकडून तपासून घ्या. उतारा हातात घेऊनच जा, तोंडी सल्ल्यावर विसंबू नका.

वाटेकरी म्हटलं की नणंद आली. तिनं हक्कसोड दिलंय हे तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहून पुढं गेलात. मला तिथं थांबावंसं वाटतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा द्यायचा कायदा महाराष्ट्रानं १९९४ साली केला, केंद्रानं २००५ साली. बाप २००५ च्या आधी वारला असला तरी मुलीचा हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. आणि तरी भाऊबीजेच्या ताटाशेजारी हक्कसोडीचा कागद ठेवला जातो. ती राजीखुशीनं सही करून गेली असेल, तर तिचा निर्णय तिचा. पण तिला कुणी नीट समजावून सांगितलं होतं का? आणि तुमच्या माहेरी तुमच्यापुढं असा कागद कधी आला होता का? पत्रात तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. सासूच्या नावाची चौकशी करताना या दोन प्रश्नांना बगल दिली तर तुमचं बोलणं पोकळ वाटेल, आणि ते बरोबरही ठरेल.

फ्लॅटचं त्या मानानं सोपं आहे, म्हणून सुरुवात तिथून करा. ‘तुला काय कमी आहे’ हा प्रश्न नाही, ते दार लोटून घेणं आहे. भांडू नका. दोघांची बँक पासबुकं, हप्त्यांचा तक्ता आणि इंडेक्स-टूची (खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याची) प्रत टेबलावर ठेवा आणि म्हणा, पैसे दोघांचे जातात, नाव दोघांचं लावूया. कर्ज चालू आहे, त्यामुळे बँकेची संमती लागेल, सोसायटीच्या भागदाखल्यावरही (शेअर सर्टिफिकेटवर) नाव चढवावं लागेल. दोन-चार चकरा होतील. यात कुणाच्या प्रेमावर संशय घ्यायची गरज नाही. प्रेम आहे म्हणूनच कागद लवकर व्हावा. आणि घरच्याच फ्लॅटवर बायकोचं नाव लावायला जो मुलगा तयार नाही, तो बापाकडे आईच्या नावाचा विषय कुठल्या तोंडानं काढणार?

तुम्ही विचारलंत, मी कटकट करतेय का. करताय. फक्त ती कार्यक्रमाच्या ग्रुपवर थोडी कमी करा आणि घरच्या टेबलावर थोडी जास्त.

हवं तर ड्रॉच्या वेळी एक गंमत करा. चिठ्ठीवर फ्लॅट नंबर लिहायचा नाही, ‘मिसेस अमुक’ही नाही. प्रत्येकीनं आपलं नाव लिहायचं आणि खाली, घर कुणाच्या नावावर आहे ते. चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या नाहीत. लिहिताना कोणाचा हात किती वेळ थांबला, ते जिचं तिला कळेल.

निफाडला जाल तेव्हा सासूबाईंचं आधार कार्ड, रेशन कार्ड आणि शाळेचा दाखला असेल तर तो, तिन्ही शेजारी ठेवून बघा. त्यांच्या पिढीत लग्नात नाव बदलायचे. माहेरच्या कागदावर एक नाव, सासरच्या कागदावर दुसरं, आणि अशा फरकानं फेरफार अडून बसतो. पहिलं नाव कोणतं होतं, ते त्यांनाच विचारा. मार्च आहे, काढणी चालू असेल, घरात सापडायच्या नाहीत. बागेत जा, हातात कात्री घ्या, चार घड तोडा आणि मग विचारा.